सीटखालचं पैंजण

माझं माहेर हुपरीचं. तिथं घरोघरी चांदीचं काम चालतं, त्यामुळे मी घुंगरांच्या आवाजातच वाढले. पुढच्या खोलीत वडील एकेक घुंगरू चिमटीत धरून कानाशी हलवायचे आणि जे वाजणार नाही ते बाजूला टाकायचे. "मुकं हाय," एवढंच म्हणायचे. लग्नात त्यांनी मला स्वतःच्या हातची पैंजणं घातली. मी ती फार वापरली नाहीत. कोल्हापूरच्या शाळेत भूगोल शिकवायला छुमछुम वाजत येणारी बाई मुलांना चालली असती, मुख्याध्यापकांना चालली नसती. त्यातलं एक पैंजण पुढे सायकलच्या सीटखाली बांधलं गेलं आणि फ्रान्स फिरून आलं.

पन्नाशी ओलांडली आणि माझी नजर कडेकडेनं जायला लागली. समोरचं दिसायचं, बाजूचं नाही. कागदाची पुंगळी करून बघावं तसं. उन्हातून सावलीत गेलं की थोडा वेळ सगळंच विझायचं. डॉक्टर भले होते, त्यांनी खोटी आशा लावली नाही. पुंगळी बारीक होत जाणार, म्हणाले, काय बघायचं ते बघून घ्या. घरी येताना रिक्षात आमच्या ह्यांनी विचारलं, "काय बघायचंय तुला?" काशी म्हणावं की अजिंठा, असा विचार करतेय तोवर तोंडातून निघून गेलं, "फ्रान्स."

हे काही अगदीच अचानक नव्हतं. तिथं दर वर्षी ती मोठी सायकल शर्यत होते, ती मी टीव्हीवर कधी चुकवली नाही. कोण जिंकतो याच्याशी मला काडीचं देणंघेणं नव्हतं. वरून दिसणारे हिरवे डोंगर, मधेच चार घरं आणि एक टोकदार मनोरा, झाडीत शिरून पार पलीकडे बाहेर पडणारा बारका रस्ता, हे बघताना माझा चहा गार व्हायचा. रस्ता झाडीत शिरला की हेलिकॉप्टरला काही दिसत नसे. आत काय असेल, याचाच विचार करत मी बसायचे. त्या झाडीत मला स्वतः पायडल मारत शिरायचं होतं.

ह्यांचा उभा जन्म फाउंड्रीत गेला. यंत्रांच्या वर आवाज काढायची सवय, त्यामुळे घरातलं बोलणंही हाक मारल्यासारखं. सायकलचा नाद मात्र दोघांनाही. हे म्हणाले, "एकच लांब सायकल असती बघ, दोन सीटांची. मी फुडं बसतो, तू मागं निवांत बस."

"मागं बसाय मी काय साखरेचं पोतं हाय?" मी म्हणाले.

बोलले हसून, पण आतून हसत नव्हते. डोळे गेल्यावर उरलेला जन्म कुणाच्या तरी मागेच बसायचं होतं. त्याआधी ही एक वाट मला माझ्या सायकलवर, माझ्या पायांनी संपवायची होती.

मग सराव सुरू झाला. राधानगरीचा रस्ता, पन्हाळ्याचा चढ, एकदा तर चंदगडकडे काजूच्या झाडीतून. हे पुढे, मी मागे. आणि ह्यांचा कारखाना चालू: "खड्डा! डावीकडं! म्हस आली, म्हस!" रस्त्यावरची माणसं थांबून बघायची. एका सकाळी कोडोलीच्या अलीकडे मी सायकल आडवी टाकली.

"मला रस्ता सांगू नका. मी रस्ता बघाय निघालोय, ऐकाय न्हाय."

हे सायकल वळवून माझ्यापाशी आले. मग म्हणाले, "मग तुला कळायचं कसं, मी कुठं हाय ते?"

घरी येऊन मी कपाटातलं पैंजण काढलं आणि तांब्याच्या तारेनं ह्यांच्या सीटखाली आवळून बांधलं. आवाज आला की चालत राहायचं, बंद पडला की थांबायचं, एवढाच नियम. आमच्या रस्त्यांवर त्या पैंजणाला क्षणाची उसंत नव्हती. मी त्या आवाजामागे बिनधास्त जाऊ लागले. गल्लीतल्या पोरांनी चेष्टा केली, "काका, नाचाय निघालाय काय?" हे म्हणाले, "व्हय, तुमी ढोलकी घिऊन या की."

आम्ही मोर्वांला गेलो तो उन्हाळा होता. फ्रान्सच्या पोटातला हा डोंगराळ, झाडीचा मुलूख. फार उंच काही नाही, पण सपाटही काही नाही. भाड्यानं दोन सायकली घेतल्या, पैंजण बांधलं आणि निघालो. पहिल्याच वळणावर रस्ता झाडीत शिरला आणि मी इतकी वर्षं ज्याचा विचार करत बसायचे, त्या आतल्या जागेत जाऊन पोचले.

आत हिरवा उजेड होता. अख्खं झाड मला दिसत नव्हतंच. एक खोड यायचं, त्यावरचं शेवाळ यायचं, मग काही नाही, मग वरून सांडलेला उन्हाचा एक तुकडा. नेच्यांचा ओला वास यायचा, कडेला रचून ठेवलेल्या ओंडक्यांचा ताजा वास यायचा. झाडी संपून कुरण लागलं की उतारावर पांढऱ्याशुभ्र गाई उभ्या असायच्या. त्या मुलखात मला सगळ्यांत नीट काय दिसलं असेल तर त्या गाई. मी जागी आहे की टीव्हीसमोर डोळा लागलाय, हे कधी कधी कळत नसे.

त्याच तंद्रीत माझ्या लक्षात आलं, काहीच वाजत नाहीये.

रस्ता आमच्या देवघरातल्या फरशीसारखा गुळगुळीत होता. खड्डा नाही, ठिगळ नाही. इतके महिने सराव केला, पण चांगला रस्ता लागला तर काय, हा विचार आम्हा दोघांच्या डोक्यात एकदाही आला नव्हता. कोल्हापूरच्या माणसाला तो यावा तरी कुठून? पैंजण मुकं झालं होतं. नियमाप्रमाणे मी थांबले. हे मात्र उताराला लागले होते. मी मागे आहेच असं समजून निघून गेले.

मी कडेला सायकल धरून उभी राहिले. हाक मारली नाही. हाका नकोत म्हणून मीच बजावलं होतं, आता कुठल्या तोंडानं मारणार? वर वारा फिरत होता. कुठला तरी पक्षी दोनच सूर पुन्हा पुन्हा लावत होता. डोळे उघडे ठेवले काय, मिटले काय, त्या सावलीत फारसा फरक नव्हता. पुढे सगळं असंच असणार, हे डॉक्टरांच्या खोलीत कळलं नव्हतं ते मला तिथं कळलं. भीती वाटली, फार वाटली. आणि खरं सांगते, त्या भीतीतही ते जंगल मला आवडत होतं. तिथून हलावंसं वाटत नव्हतं.

मग खालून, फार लांबून, आवाज आला. छुम्. थांबून पुन्हा छुम्. हे चढावर सायकल ढकलत, मोकळ्या हातानं सीटवर थापा मारत येत होते. जवळ पोचले तेव्हा भात्यासारखे धापा टाकत होते. वाटलं, आता ओरडणार. ओरडले नाहीत.

"रस्ता लई चांगला हाय गं," तक्रार केल्यासारखं म्हणाले.

मी हसले, आणि हसता हसता रडले. ह्यांनी मला रडू दिलं. नंतर हळूच विचारलं, "खालच्या गावात दोन सीटांची मिळती काय बघू?"

"न्हाय," मी म्हणाले.

तिथून पुढे पैंजण वाजायला लागलं. इथून रस्ते बिघडले असतील, असं मला वाटलं आणि चक्क बरं वाटलं. मग दिवस मोजावेसेच वाटले नाहीत. जेवणं उरकली तरी ऊन रेंगाळत असायचं. एका तळ्याच्या काठानं आम्ही कितीतरी वेळ गेलो. पाणी दिसलं नाही, त्याचा गारवा मात्र उजव्या गालाला लागत होता. कुंपणाशी उभ्या म्हाताऱ्यानं "बाँजूर" केलं तर हे म्हणाले, "राम राम पावणं." तो खूश होऊन बरंच काही बोलला, हेही बोलले. कुणाला काही कळलं नाही आणि कुणाचं काही अडलं नाही. फक्त ह्यांची सायकल सारखी पंक्चर व्हायची. मी म्हणायचे, "फ्रान्समधी बी काटा तुमालाच घावतोय."

शेवटचा चढ मोठा होता. बराच वेळ झाडीतून, सावलीतून, नुसत्या आवाजामागे मी वर चढत होते. माथ्याजवळ झाडी संपली, ऊन आलं आणि माझ्या पुंगळीत नेमके हे आले. डांबरी रस्ता शेजारी मोकळा पडला होता आणि हे कडेच्या खडीतून, दगडांवरून आदळत, उडत, सायकल सावरत चालले होते.

"अवो, सरळ चालवा की! एवढा चांगला रस्ता सोडून दगडात काय शिरताय?"

ह्यांनी मागे वळूनही बघितलं नाही. "सरळ गेलं की वाजत न्हाय."

त्या माथ्यावरून फार लांबचे डोंगर दिसतात म्हणे. मी ते बघितले नाहीत. घामानं भिजलेली ती पाठ आणि खडीतून उड्या मारणारं चाक, एवढंच बघत मी वर पोचले. माझ्या सायकलवर, माझ्या पायांनी. जे काही डोळ्यांत साठवायला गेले होते, त्यातलं आज लख्ख दिसतं ते तेवढंच.

आता मला फक्त उजेड आणि अंधार कळतो. दोन सीटांची सायकल शेवटी घेतली. घेऊया, असं मीच म्हणाले. मी मागे बसते, पण पायडल माझ्याही पायाखाली असतं, आणि पन्हाळ्याच्या चढाला जास्त जोर कोण लावतं यावरून आमचं भांडण ठरलेलं. पैंजण अजून ह्यांच्याच सीटखाली आहे. मधेच कुठे नवा डांबरी तुकडा लागतो, पैंजण गप्प होतं, आणि दुसऱ्या क्षणाला सायकल धाडकन कडेच्या खडीत उतरते.

"अवो, मी मागंच हाय की. एकाच सायकलवर हाय आपण."

"व्हय की," हे म्हणतात, आणि सायकल खडीतूनच नेतात.