मी न हरवलेला मुकादम

माझी मुलगी आणि तिचे दोन मित्र मनीषनगरच्या आमच्या घरी, समोरच्या खोलीत बसून एक व्हिडिओ गेम तयार करत होते. माझ्या तरुणपणी सीताबर्डीच्या गेम पार्लरमध्ये नाणे टाकून जे खेळ खेळायचो, त्यांच्यासारखी जाड ठिपक्यांची चित्रे त्यांनी हौसेने ठेवली होती. रंगही मोजकेच: काळा, राखाडी, गंजासारखा तांबूस. एक बंद पडलेली कोळशाची खाण, आणि तिच्यात गाडल्या गेलेल्या कामगारांचे दिवे वर आणायला उतरलेला एक एकटा माणूस. खाली जे वावरते ते त्याला सहज जाऊ देत नाही. तो मेला की पुन्हा खाणीच्या तोंडाशी येतो, आणि हातातला दिवा आधीपेक्षा मंद झालेला असतो.

खेळ कठीण असावा यावर तिघांचे एकमत होते; किती, यावर नव्हते. दुसऱ्या पातळीवर मुकादम नावाचा एक अवाढव्य राक्षस होता. तो आधी घंटा वाजवी आणि मग घण घाली. मित्रांचे म्हणणे, त्याला थोडा सौम्य करावा. मुलगी ऐकेना. ‘‘घाई न करणारा कोणीही त्याले हरवू शकते. माझे बाबा खेळतील. त्यांनी पार केला तर मुकादम असाच राहील,’’ असे तिने मित्रांना सांगितले आणि त्यांनी ते मान्य केले. हिंगण्याच्या एका कारखान्यात मी सुटे भाग तपासतो. बाबांनी पास केले म्हणजे पास, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती.

मी आठवडाभर प्रामाणिकपणे खेळलो. बोट बटणापर्यंत पोहोचेतो घण डोक्यावर पडलेला असे. रविवारी चहा देताना तिने विचारले, ‘‘झाला का बाबा मुकादम?’’

‘‘झाला,’’ मी म्हणालो.

‘‘मंग? कसा आहे?’’

‘‘कठीण आहे, पण बरोबर आहे.’’

तिने चहाही घेतला नाही. मित्रांना फोन करायला गेली.

कारखान्यात एक रीत आहे, कोणी लिहून न दिलेली. चांगल्या हाताच्या कामगाराचा ट्रे आला की वरचे एक-दोन नग मापाच्या गेजमध्ये घालून पाहायचे आणि ‘‘त्याच्या हातचा माल आहे, जाऊ द्या’’ म्हणून शिक्का मारायचा. याला आम्ही त्या कामगाराचा मान समजतो. मुलीच्या खेळाबाबत मी तेच केले आणि हा विश्वास आहे, अशी स्वतःची समजूत घातली. खरे कारण लहान आणि लाजिरवाणे होते. त्या दोन पोरांपुढे मला म्हातारा ठरायचे नव्हते.

काही दिवसांनी, खेळ बाजारात येण्याआधी त्यांनी तो ओळखीच्या लोकांना खेळायला दिला. झाडून सगळे मुकादमापाशी अडकले. तिला एका मित्राचा फोन आला तेव्हा मी पेपर वाचत बसलो होतो. फोन स्पीकरवर होता.

‘‘काका सोडून कोणाच्यानंच होऊन नाही राहिलं वं. विचार ना त्यायले, काय मंतर मारला म्हणून.’’

मुलगी हसत माझ्याकडे वळली. ‘‘सांगा बाबा. घंटा वाजली का तुम्ही कोणत्या बाजूले पळत होते?’’

‘‘डावीकडे.’’

‘‘डावीकडं भिंत आहे, बाबा.’’

तिचा आवाज चढला नाही. पलीकडून मित्र ‘‘हॅलो, हॅलो’’ करत होता. तिने फोन उचलला आणि म्हणाली, ‘‘माझंच चुकलं. मी त्यायले नीट विचारलंच नव्हतं. तुमचं बरोबर होतं, करू सौम्य.’’

माझ्या शब्दावर जी बाजू तिने लढवली होती, ती माझे खोटे झाकण्यासाठी ती सोडून देत होती. मी फोन मागून घेतला. ‘‘तिनं नीट विचारलं होतं. मीच खोटं बोललो. मुकादम मला एकदाही हरवता आला नाही.’’

मित्र म्हणाला, ‘‘चालते काका. माझ्या बाबांनी तर पहिल्याच पातळीवर हात टेकले.’’ तो थट्टा करता तर मला सोपे गेले असते.

फोन ठेवल्यावर तिने विचारले, ‘‘काहून नाही सांगितलं?’’

‘‘तुला वाईट वाटलं असतं.’’

‘‘मले तेच तर पाहायचं होतं, बाबा. तुम्ही कुठं मरता, कसे मरता.’’

तिने कंट्रोलर माझ्या हातात दिला आणि शेजारी खुर्ची ओढून बसली. मी उतरलो. घंटा, घण, खाणीचे तोंड. पुन्हा उतरलो, पुन्हा तेच. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, ‘‘थांबा. तुम्ही घंटा ऐकता, पण त्याचा वर गेलेला हात तुम्हाले दिसूनच नाही राहिला. तिथं अंधार जास्त झाला.’’

मुकादमाला सौम्य करण्याची गरजच नव्हती. त्याच्या खांद्यामागे निखाऱ्याएवढा उजेड पुरणार होता. मी खरे सांगितले असते तर हे पहिल्याच आठवड्यात कळले असते.

‘‘आणखी एकदा मरा,’’ ती म्हणाली. मी मान खाली घालून खेळत राहिलो. ती माझ्या हातांकडे पाहत होती, चेहऱ्याकडे नाही. त्या दुपारी मला तेवढाच आधार होता.