एकशे चाळीस, आणि खाली माझी सही

"रिलेचं राहू द्या मॅडम. आप्पांनी फोन केला, या भालेरावांनी लाइन बंद करायला उशीर केला. सरळ प्रकरण आहे," असं म्हणत सबस्टेशनच्या साहेबांनी चार्जशीटचा मसुदा माझ्यापुढे सरकवला. मी रिले तपासणारी इंजिनिअर, शिरूरहून न्हावऱ्यामार्गे ऑफिसच्या जीपमध्ये हाडं खिळखिळी करून आले होते. लॅपटॉपची बॅग अजून खांद्यावरच होती.

सबस्टेशन दौंड तालुक्यातलं. नाव सांगत नाही. आदल्या दिवशी दुपारी वरवंडच्या बाजूला विजेची तार तुटून उसात पडली. शेतमालक आप्पा गावातले वजनदार गृहस्थ. त्यांनी लगेच सबस्टेशनला फोन केला. ड्यूटीवर ऑपरेटर भालेराव मामा होते. तरी तार अर्धा मिनिट जिवंत राहिली. ऊस पेटला आणि पाणी धरणारा आप्पांचा मुलगा थोडक्यात वाचला. मामांनी मुद्दाम उशीर केला, असं आप्पांचं म्हणणं. ते सगळ्यांना लगेच पटलं. भालेराव मामांना मात्र पुरावा द्यावा लागणार होता. वस्तीतून एकटाच माणूस या नोकरीत आलेला, रिटायरमेंटला दीड वर्ष उरलेलं, आणि आता सस्पेंड व्हायची वेळ आली होती.

मामा मला एवढंच म्हणाले, "मी स्विच फिरवला मॅडम. एकदा न्हाई, तीनदा. ब्रेकर हाललाच न्हाई. मग मेन बंद करून सगळं सबस्टेशनच बंद पाडलं."

ब्रेकर म्हणजे तुमच्या घरातल्या एमसीबीचा कपाटाएवढा भाऊ. लाइन तोडायचं काम त्याचं. कधी तोडायची हे रिले सांगतो. पण तार वाळल्या पाचटावर पडली की करंट इतका कमी वाहतो की रिलेला पत्ताच लागत नाही. अशा वेळी माणसाचा फोन आणि ऑपरेटरचा हात, एवढंच कामाला येतं. हल्लीचा रिले आणखी एक काम करतो. कोणती कमांड कधी आली, ब्रेकर कधी उघडला, म्हणजे लाइन कधी तुटली, उघडायला किती वेळ लागला, हे सगळं तो निमूटपणे लिहून ठेवतो.

मी लॅपटॉप जोडून रेकॉर्ड काढलं. बंद करायची कमांड तीनदा आली होती, चार-चार सेकंदांच्या अंतरानं. तिन्ही वेळा ब्रेकर जागचा हलला नव्हता. साहेबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मुद्दाम उशीर केल्याचा आरोप तिथंच संपला.

पण साहेब मुरलेले. ते म्हणाले, "ब्रेकर एका दिवसात असा जाम होत नाही. आधीपासून स्लो होत असणार. ते कळवायची जबाबदारी ऑपरेटरचीच. आरोप बदला, निष्काळजीपणा लिहा."

यात तथ्य होतं. ब्रेकरच्या मेकॅनिझममधलं ग्रीस वाळलं की तो हळूहळू जड होत जातो. हा शेतीपंपांचा फीडर, म्हणजे पंपांना वीज देणारी लाइन, रोज ठरलेल्या वेळी चालू-बंद करायचा. म्हणजे ब्रेकरची रोज आपोआप परीक्षा होत होती. मी मामांकडे पाहिलं. ते खाली बघत होते. साहेब चहाला बाहेर गेले, तेव्हा मी विचारलं, "मामा, रिलेवरचा रोजचा आकडा लिहायला मी सांगितलं होतं ना?"

मामांनी टेबलाच्या खणातून रजिस्टर काढलं. उघडायला मात्र त्यांचा हात होईना. मीच उघडलं.

रोजची तारीख, आणि पुढे ब्रेकर उघडायला लागलेले मिलिसेकंद. पन्नास, बावन्न, पन्नास. पुढच्या पानांवर सत्तर. मग नव्वद. मग एकशे चाळीस, लाल पेनानं, खाली दोन रेघा मारून. आणि त्या रेघांच्या खाली तिमाही तपासणीचा शिक्का, 'ओके' आणि माझी सही.

उघडायला उशीर झाला की रिले बजर वाजवून अलार्म देतो. पण हा रिले बसवला तेव्हा ऑपरेटर त्या बजरला वैतागले होते, म्हणून तो अलार्म मीच बंद केला होता. त्याऐवजी रोज आकडा लिहा, मी बघत जाईन, असं मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. इतरांनी कधीच सोडून दिलं. या माणसानं एक दिवस चुकवला नव्हता. आणि मी शिरूरला लवकर पोचायच्या घाईत पानं उलटून सह्या ठोकल्या होत्या.

"हे आधीच का दाखवलं नाही?"

"तुमची सही हाय त्यावर," मामा म्हणाले. "कसं दाखवायचं?"

मला त्यांच्याकडे बघवेना. स्वतःची नोकरी पणाला लागलेली असताना या माणसाला माझी अब्रू सांभाळावीशी वाटली होती.

साहेब परत आले. पान बघून त्यांनी आवाज खाली आणला. रिलेचं रेकॉर्ड पुरे आहे, हे पान जोडायची गरज नाही, मामांना साधी ताकीद देऊन विषय मिटवू, असं त्यांनी सुचवलं. ताकीद म्हणजे सर्व्हिस बुकात निष्काळजी हा शब्द कायमचा. मी म्हटलं, "निष्काळजी मी होते. पान जोडते." अलार्म कोणी बंद केला, तेही रिपोर्टात लिहिलं.

चार्जशीट बारगळली. मेमो मला आला. एक इन्क्रिमेंट थांबली आणि ते योग्यच होतं. ब्रेकर खोलला तर आतलं ग्रीस वाळून खडखडीत झालेलं. बजर मी त्याच दिवशी चालू करून दिला.

पुढच्या तिमाहीला गेले. भालेराव मामांनी खुर्ची पुसून दिली, रजिस्टर पुढ्यात ठेवलं. मी सवयीनं हात पुढे केला. त्यांनी पेन खिशातून काढलंच नाही.

"आधी वाचा मॅडम," ते म्हणाले. "पेन मग देतो."

मी पहिल्या पानापासून वाचायला बसले. रिले सगळं लिहून ठेवतो, वाचत मात्र नाही. त्या कामाचा पगार मला मिळत होता.