हत्ती अंबारीसह जाईल अशी वेस

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या जुन्या बांधकामांची मार्गदर्शिका मी लिहिली, असं मी सांगत फिरतो. खरं म्हणजे ती मंगल कार्यालयांनी आणि खतांच्या दुकानांनी काढली. मी फक्त जाहिरातींच्या मधली जागा भरली. पहिल्या आवृत्तीत बारवेचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा आणि समोर लग्नाच्या लॉनचा पानभर. पुस्तक हातात घेऊन बारव बघायला कुणी गेलं की नाही, देव जाणे. लॉन बघायला मात्र बरेच गेले.

आता ती सुधारून काढायची होती. इमारती आधीच जुन्या होत्या, पण माझी वाक्यं त्यांच्यापेक्षा लवकर म्हातारी झाली. ‘काळ्या पाषाणाचं देऊळ’ म्हणून लिहिलं, ते पिस्ता रंगाचं झालं. शिक्रापूरच्या रस्त्यावर ‘वडापाशी उजवीकडे वळा’ असं लिहिलेलं. वड राहिला नाही, आणि उजवीकडे वळू देतील तर ते ट्रकवाले कसले?

यंदा जाहिरातदारांनी हात आखडता घेतला. आवृत्ती बारगळणार असं वाटत असतानाच कवठे येमाईच्या बाजूच्या एका गावातून सरपंचबाईंचा फोन आला. “सर, राहिलेला खर्च गाव करतंय. आमच्या वेशीपायी शाळांच्या सहली यायला लागल्यात. तेवढं आमचं पान मोठं करा.”

त्या वेशीवरचं माझं लिखाण मला तोंडपाठ आहे, कारण बरं वाक्य माझ्या हातून क्वचितच उतरतं: ‘पेशवेकालीन वेस. हत्ती अंबारीसह सहज जाईल अशी उंची, डाव्या अंगाला पहारेकऱ्याच्या दिव्याचा कोनाडा, माथ्यावर मराठा शैलीचा डौलदार पोपट.’ मी पडलो निवृत्त ड्रॉइंग मास्तर. त्या दिवशी ऊन फार होतं, एसटी यायची वेळ झाली होती, म्हणून कुणाला विचारत बसलो नाही. तसंही काळा दगड दिसला की मला पलीकडे पेशवे उभे दिसतात. गावानं त्या वाक्याचा फलक करून वेशीवर लावला होता.

पान ठरवायला मी गावात गेलो, तेव्हा सकाळी देवळाच्या सभामंडपात बैठक बसली. चहा झाला, सरपंचबाईंनी फलकावरचं वाक्य वाचून दाखवलं, मी मान खाली घालून नम्र दिसायचा प्रयत्न केला. मागे खांबाला टेकून ऐंशीच्या पुढचे एक आप्पा बसले होते. पंजे फावड्यासारखे. ते म्हणाले, “मास्तर, पेशव्यांनी त्यातला एक दगूड उचलला असंल तर सांगा.”

“आप्पा, आत्ता नको,” शेजारचा दूधवाला कुजबुजला.

“आत्ता न्हाई तर कवा? मी गेल्यावर?”

आप्पा पाथरवट. वेस त्यांनी भरज्वानीत स्वतः बांधलेली. फलक लागला तेव्हा गावाचा मान वाढतोय तर वाढू दे, म्हणून ते गप्प बसले होते. पण दुसरी आवृत्ती निघतेय म्हटल्यावर त्यांना राहवेना. “एकदा छापलं तर चूक म्हनत्यात,” ते म्हणाले, “दोनदा छापलं की खरंच व्हतं. मग माझं काय ऱ्हायलं?”

खर्च करणारं गाव समोर, वेस बांधणारा मागे. अशा वेळी मला नेमका भित्रा तोडगा सुचतो. “आपण ‘पेशवेकालीन शैलीतली’ म्हणू,” मी म्हणालो.

“मंजी मी पेशवेकालीन व्हय?”

सभामंडप हसला आणि सगळे उठून वेशीपाशी गेले.

“ह्यो कोनाडा माझ्या तंबाखूच्या पिशवीसाठी,” आप्पा म्हणाले. “वाकलं की कमरंची पिशवी पडायची.”

“आन् पोपट?” दूधवाल्यानं विचारलं, पण बघत होता माझ्याकडे.

“काडीपेटीवरचा. काड्या संपल्या, पोपट ठिवला.”

“आन् मास्तरांचा हत्ती?”

“हितं हत्ती कुनी पाळलाय? जुन्या वेशीत उसाची गाडी अडकायची. भरली गाडी हितं उभी केली, वरच्या उसापासनं हातभर सोडलं, झाली उंची.”

सरपंचबाई वर बघत म्हणाल्या, “ती गाडी आमच्या मामंजींची. पयली गाडी पार झाली तवा बैलांना गुलाल लावला व्हता, असं सांगायचे. आन् आम्ही कुठलं पेशवं धरून बसलो.”

एवढं व्हायचा अवकाश, दूधवाल्याच्या आज्यानं दगड वाहिल्याचं निघालं. दुसऱ्याच्या आज्यानं चुना मळला होता. तिसऱ्याच्या आजीनं रोज भाकऱ्या पुरवल्या होत्या. इतक्या आज्यांनी खरंच दगड वाहिले असते, तर वेस शिरूरच्या स्टँडपर्यंत आली असती.

“खर्च गावच करनार,” सरपंचबाई म्हणाल्या. “पेशवं काढा, आप्पांचं नाव घाला. उसाची गाडीबी घाला.”

“आणि सहली?”

“त्यांना आप्पा सांगतील की. फलक कुठं बोलतोय?”

पुस्तक छापून आलं तेव्हा पहिली प्रत मी आप्पांना नेऊन दिली. त्यांना वाचता येत नाही. मी त्यांचं बोट धरून नावावर ठेवलं. त्यांनी ते न उचलता अक्षरांवरून सावकाश पुढे नेलं, मागे आणलं. दगडाची धार तपासावी तसं.

“ह्ये सगळं माझं?”

“सगळं तुमचं.”

मग त्यांनी फोटो पाहिला. “मास्तर, पोपट तिकडं का बघतोय? मी त्याला गावाकडं बघाय लावलाय.”

फोटो आरशातल्यासारखा उलटा छापला होता. प्रूफ मीच तपासलं होतं, तीन वेळा.

म्हणून हल्ली सकाळी आम्ही दोघं वेशीखाली बसतो. शेजारी प्रतींचा गठ्ठा, कोनाड्यात आप्पांची पिशवी. प्रत्येक फोटोखाली ‘पोपट प्रत्यक्षात गावाकडे बघतो’ अशी चिठ्ठी डकवायची आहे. मी खळ लावतो आणि चिठ्ठी बसवतो. ती वाकडी बसली की आप्पा अलगद उचलतात आणि ओळंब्यात आणून पुन्हा बसवतात.