तीन आठवडे थांबवलेली मावशी

बेळगावातल्या एका इस्पितळात मी औषधांच्या चाचण्यांचा कोऑर्डिनेटर आहे. पेशंट शोधायचे, त्यांना समजावून सांगायचं, सह्या घ्यायच्या, तारखेला बोलवायचं आणि कागद नीट ठेवायचे, हे माझं काम. डॉक्टर मोठे, कंपनी त्याहून मोठी, मी मधला. माझे कागद आजवर एकाही तपासणीत अडकलेले नाहीत. हे मी पूर्वी छाती फुगवून सांगायचो.

मधुमेहामुळं पायाला झालेल्या जखमा भरायच्या मलमाची ती चाचणी होती. नेहमीच्या चाचणीत सगळं आधीच ठरलेलं असतं, आणि शेवटपर्यंत त्यात काडीचा बदल होत नाही. ही तशी नव्हती. हिला अडॅप्टिव्ह म्हणत. मलमाच्या तीन ताकदी होत्या, हलकी, मधली आणि जोरदार, आणि चौथ्या गटाला साधं मलम. ट्यूब सगळ्यांच्या सारख्या. कुणाला कुठली मिळणार हे कंप्युटर चिठ्ठी काढल्यासारखं ठरवणार, आम्हालाही कळणार नाही. ठरावीक पेशंट झाले की बाहेरची एक समिती मधेच निकाल बघणार, जो गट कामाचा नाही तो बंद करणार, आणि त्यानंतर येणाऱ्यांना गुण देणारं मलम मिळायची शक्यता वाढणार. आमटीची चव बघत बघत मीठ घालावं, तसला प्रकार.

मला हे भलतंच आवडलं होतं. घरी येऊन बायकोला कागदावर चौकोन काढून समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग आधी येणाऱ्यांचं काय? मी म्हटलं, कुणीतरी आधी यावंच लागतं. मला वाटलं, आपण छान उत्तर दिलं.

त्याच सुमाराला सदलग्याच्या मावशीच्या टाचेला जखम झाली. आई गेल्यावर मला वाढवलं ते हिनं. कोऑर्डिनेटरच्या घरात राहणारं माणूस चाचणीत घ्यायचं नाही, असा नियम होता. मावशी माझ्या घरात राहत नव्हती. मी डॉक्टरांना नातं सांगितलं, ते म्हणाले, चालेल, घे. म्हणजे तिथंही माझा कागद स्वच्छच होता.

समिती बसायला आमच्याकडून तीनच पेशंट कमी होते. मावशीला लगेच घेतलं असतं तर दोन राहिले असते. मी नाही घेतलं; ती समिती बसल्यानंतरच यावी, असं मी ठरवलं. तिला सांगितलं, इस्पितळात जरा गडबड आहे, तीन आठवडे थांब. दर रविवारी सदलग्याला जाऊन मीच तिची पट्टी बदलत होतो. तिला वाटायचं, पोरगं किती जीव लावतंय.

त्याच आठवड्यात मी निपाणीच्या एका बाईंना फोन केला. मी त्यांना आक्का म्हणायचो. त्या घरी विड्या वळायच्या. मांडी घालून, मांडीवर सूप घेऊन, दिवसभर. अंगठ्याखाली जखम होती, ओपीडीत दाखवून गेल्या होत्या. त्या म्हणाल्या, बोरगावला भाचीचं लग्न आहे, ते उरकून तीन आठवड्यांनी येते. मी म्हटलं, आक्का, इतके दिवस जखम अंगावर काढू नका, वाढेल. मी बोललो ते खरंच होतं. फक्त तेच खरं मी मावशीला सांगितलं नव्हतं. आक्का दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं आल्या.

संमती घेताना कॅमेरा लावावा लागतो. मी मराठी फॉर्म वाचून दाखवला, गट समजावले, कधीही सोडून जाता येतं हेही सांगितलं. मध्येच त्यांनी मला थांबवलं.

"तुमच्या घरचं मानूस असतं, तर घातलं असतंसा का ह्येच्यात?"

हा प्रश्न सगळेच विचारतात. त्याचं उत्तर आमच्या प्रशिक्षणात शिकवलेलं आहे: निर्णय तुमचा, मी सांगू शकत नाही. मी ते दिलं नाही.

"घातलं असतं, आक्का. आजच घातलं असतं."

त्यांनी सही केली. ते बोलणं आजही इस्पितळाच्या कंप्युटरमध्ये असेल. मी ते कधी लावून बघितलेलं नाही, माझी हिंमत होत नाही.

समिती बसली आणि हलक्या ताकदीचा गट बंद झाला. त्याचा गुण साध्या मलमापेक्षा जास्त नव्हता. त्या गटातल्या पेशंटांचे नंबर आले, त्यात आक्कांचा होता. तोवर त्यांची जखम हाडापर्यंत गेली होती. महिन्याभरात अंगठा काढावा लागला. मावशी समितीनंतर चाचणीत आली, आणि दोन महिन्यांत तिची टाच भरून आली.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते रागावले, वरच्यांना कळवायला लावलं, माझ्याकडून लिहून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, ती बाई नंतर आली असती तरी अंगठा गेला असता कदाचित, तुझी मावशी आधी आली असती तरी बरी झाली असती कदाचित. ते खरं आहे. चिठ्ठी कुणाच्याच हातात नसते. पण चिठ्ठीच्या आधी रांग मी लावली होती. आपल्या माणसाला मागं धरलं आणि दुसऱ्याच्या माणसाला पुढं ढकललं. मला त्याची लाज वाटते, आणि ती कुठल्याही कदाचितनं कमी होत नाही.

शेवटी एका रविवारी मी निपाणीला गेलो. आक्का दारात विड्या वळत बसल्या होत्या. मांडी घालता येत नव्हती, एक पाय समोर लांब सोडलेला. मी आलो म्हणून सुनेला चहा टाकायला सांगितला. चहा यायच्या आत मी बोलून टाकलं. सगळं सांगितलं, मावशीचे तीन आठवडे, माझा फोन, माझं खोटं. त्या वळत होत्या ती विडी तशीच हातात राहिली.

मला वाटलं होतं शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी लांब सोडलेल्या पायाकडं बघितलं. मग म्हणाल्या, भाचीच्या लग्नालाबी मी न्हवते. तेवढंच. तोवर मला त्या लग्नाची आठवणही राहिली नव्हती. लग्नाच्याच दिवशी त्यांच्या तपासणीची तारीख आली होती; ती पुढं ढकला म्हणून त्यांनी विचारलं होतं आणि मी नाही म्हटलं होतं.

मग त्यांनी विचारलं, "मावशीचा पाय कसा हाय?"

"बरा झाला."

"त्यास्नी ठावं हाय का ह्ये?"

मी म्हटलं नाही, आणि आता इथून थेट सदलग्याला जाऊन सांगतो. खरं तर मला तेवढंच हवं होतं, आणखी कुणाला तरी सांगून मोकळं व्हायचं होतं. आक्कांनी नकाराची मान हलवली.

"सांगू नकासा. त्यास्नी त्या पायावर चालायचं हाय."

सूनबाईंनी चहा आणून ठेवला. आक्कांनी घे म्हटलं नाही. मी तो न पिताच उठलो.

परवा सदलग्याला गेलो होतो. निघताना मी नको नको म्हणत असताना मावशी मला सोडायला बस स्टँडपर्यंत चालत आली. वाटेत भेटेल त्याला थांबवून टाच दाखवत होती आणि सांगत होती, माझ्या पोरानं पाय वाचवला बघा. मी शेजारी उभा होतो.