नकाशातली शेड

पदनाम: आरेखक, नगररचना कार्यालय. सेवा: एकतीस वर्षे. शिस्तभंगाची कारवाई: निरंक. ओळखीची खूण: मधल्या बोटावर पेन्सिलीचा घट्टा.

कार्यालयात त्याला ‘पट्टी’ म्हणत. चहाचा कपसुद्धा तो टेबलाच्या कडेला समांतर ठेवी. खोटं काम त्याने नोकरीत एकदाच केलं, तेही बहिणीसाठी. घराच्या परवानगीला दोन वर्षं लागत, शेडला आठ दिवस. बहिणीला घाई होती. त्याने नकाशात तिच्या दोन खोल्यांवर सुबक अक्षरात ‘शेड’ लिहिलं. नंतर दुरुस्त करू म्हणाला. सरकारी कामात ‘नंतर’ हे कायमस्वरूपी असतं.

नऊ वर्षांनी गावाबाहेर अॅल्युमिनियमचा कारखाना यायचा ठरला. सोबत त्याची स्वतःची उच्चदाब वीजवाहिनी. नियम असा, की वाहिनी घरापासून चाळीस मीटर लांब हवी. शेडला असा नियम नाही. कंपनीने नकाशा पाहिला आणि तारा शेडवरून नेल्या.

सुनावणीला बहीण हरकत घेऊन आली. साहेबांनी नकाशा पसरला.

“बाई, इथे घर नाहीये.”

“मग मी राहते कुठे? दादाला विचारा की.”

“इथे दादा-बिदा कोणी नाही. आरेखक, घर आहे का तिथे?”

पट्टीने नकाशावर बोट ठेवलं. निवृत्तीला पाच महिने राहिले होते. घर म्हटलं तर खोटी नोंद कुणाची, हा पुढचा प्रश्न होता. मग पेन्शनवर पाणी.

“नोंद शेडची आहे, साहेब.”

“दादा, रविवारी तिथेच जेवलास ना रे? दोनदा भात घेतलास.”

कंपनीचा माणूस म्हणाला, “शेडमध्ये जेवण बरं मिळतं वाटतं.” सगळे हसले. साहेबही हसले. पट्टी हसला नाही. त्याने नकाशाची दुमडलेली कड सरळ केली.

“प्रत्यक्ष पाहणी करायची का?” साहेबांनी विचारलं.

“गरज नाही,” पट्टी म्हणाला. “नकाशा माझ्याच हातचा आहे.”

बहिणीने हरकतीचा कागद टेबलावर ठेवला. बाहेर पडताना तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

पट्टी वेळेवर निवृत्त झाला. निरोपाच्या भाषणात साहेबांनी त्याच्या अचूकपणाचा दाखला दिला. संमतीच्या आदेशात नमूद आहे: ‘वाहिनीखाली निवासी बांधकाम आढळून येत नाही.’

खाली बहीण, तिची मुलगी आणि अंथरुणाला खिळलेली सासू राहतात.