उंदरांचा ब्रेक शोधताना

यशस्वी प्रयोग वहीत जातात आणि फसलेले चहाच्या वेळी गप्पांत. सुरतेच्या लॅबमध्ये पीएचडीची पाच वर्षं काढली. माझी वही अजून बारीकच आहे.

काम सांगायला सोपं. प्रतिकारशक्तीच्या पेशींवर पीडी-वन नावाचं प्रथिन असतं, पेशीचा ब्रेकच म्हणा. उंदराच्या पेशींवर तो ब्रेक आहे का, हे पाहायचं. त्यासाठी चमकता रंग जोडलेली अँटीबॉडी घालायची. ती ब्रेकला चिकटली की मशीनवर दिसते.

*

पहिल्याच प्रयोगात सगळ्या पेशी चमकल्या. मी धावत जाऊन गाईड हेतलमॅडमना बोलावून आणलं. पेपरचं शीर्षकही मनात तयार होतं. मॅडमनी स्क्रीन पाहिला आणि दाखवून दिलं, की मेलेल्या पेशीही चमकताहेत. अँटीबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून आधी जे घालायचं असतं, तेच मी विसरले होते.

"मेलेल्यांना कशाला ब्रेक?" एवढंच म्हणून मॅडम गेल्या.

*

पुढचे तीन आठवडे काहीच चमकेना. मी मशीनला दोष दिला, मग लाइटीला, मग उंदरांना. शेवटी लॅब असिस्टंट जिग्नेशभाईंनी चष्मा वर करून बाटलीचं लेबल वाचलं.

"बेन, आ तो माणस माटे छे."

माणसाच्या पेशींची अँटीबॉडी मी तीन आठवडे उंदरांना लावत होते.

*

पप्पा सुरतेतच, भेस्तानला पॉवरलूमवर कामाला आहेत. घरी आमची अहिराणीच चालते. एकदा त्यांनी विचारलं, तू दिवसभर करतेस तरी काय? मी सांगितलं, दोरा तुटला की लूम आपोआप थांबतो, तसा पेशीलाही ब्रेक असतो. त्यांना लगेच समजलं.

"मंग तू ब्रेक लावस का काढस?"

मी म्हटलं, दोन्ही नाही, तो आहे का एवढंच बघते. पप्पांनी बोटांवर वर्षं मोजली.

"इतलं देखाले पाच वरीस?"

*

उंदरांची अँटीबॉडी अखेर मागवली, ती नेमकी दिवाळीच्या सुट्टीत येणार होती. लॅब बंद, म्हणून घरचा पत्ता दिला. मी मामाकडे धुळ्याला गेले होते, पार्सल आईने घेतलं. थर्माकोलचा डबा, बर्फाच्या पिशव्या आणि आत करंगळीएवढी बाटली. आईला इंग्रजी येत नाही. तिने शेजारच्या मास्तरांकडून लेबल वाचून घेतलं: थंड ठेवा, गोठवू नका. आठ दिवस ती बाटली फ्रिजमध्ये मेथीच्या जुडीशेजारी उभी होती आणि तिला हात लावायची घरात कुणाला मुभा नव्हती.

मी परत आले, बाटली जपून लॅबमध्ये नेली आणि सुरक्षित राहावी म्हणून सरळ डीप फ्रीझरमध्ये ठेवली. गोठल्यावर रंग मरतो. दुसऱ्या दिवशी एकही पेशी चमकली नाही. थिसिसला सहा महिने उरले होते.

मॅडमसमोर उभी राहून सगळं कबूल केलं, तेव्हा रडू आवरेना. त्यांनी एकच विचारलं, आधीचे आठ दिवस बाटली कुणी सांभाळली? मी म्हटलं, आईने.

मॅडमनी नव्या ऑर्डरचा फॉर्म पुढ्यात ओढला, पत्त्यातलं लॅबचं नाव खोडलं आणि पेन तसंच धरून म्हणाल्या,

"आईचं पूर्ण नाव सांग."