अध्यात नाही, फक्त मध्यात

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांच्याबद्दल वाईट बोलणारा माणूस मला आजवर भेटला नाही, आणि चांगलं बोलणाराही भेटला नाही. लग्नाची बोलणी चालू असताना आईने त्यांच्या शेजाऱ्यांकडे चौकशी केली, तेव्हा उत्तर आलं, "माणूस कुणाच्या अध्यात ना मध्यात." आईला ते फार आवडलं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण मी तेव्हा नव्या चपलांच्या आनंदात होते.

भाऊजींचा धंदा काचा बसवण्याचा. खिडकीचं माप घ्यायचं, काच कापायची, चौकटीत बसवून कडेने पुट्टी भरायची. एकदा त्यांना स्वभाव मोजणाऱ्या एका संस्थेत फुटलेलं तावदान बदलायला बोलावलं. बँकेला कारकून हवा असो, रुग्णालयाला परिचारिका हवी असो, उमेदवाराला आधी या संस्थेची प्रश्नपुस्तिका सोडवावी लागते. मग माणूस तापट की थंड, भित्रा की आगाऊ, ते संस्था आकड्यांत कळवते.

आता प्रश्न कुणीही लिहील. 'मला पटकन राग येतो.' याला एखाद्याने 'अगदी खरं' म्हटलं, म्हणून तो तापट कशावरून? बाकीचे काय म्हणतात ते आधी बघायला नको? म्हणून संस्था प्रत्येक चाचणी आधी सगळ्या थरांतल्या माणसांना सोडवायला लावते. ज्या प्रश्नाला सगळेच एक उत्तर देतात तो काढून टाकते, कारण त्याने कुणी कुणापासून वेगळा निघत नाही. काही प्रश्न दहा पानांनंतर उलटे करून पुन्हा विचारते, म्हणजे न वाचता खुणा करणारा सापडतो. उरलेल्या उत्तरांची सरासरी काढते आणि तिला 'प्रमाण' म्हणते. थोडक्यात शितावरून भाताची परीक्षा. हे सगळं मला भाऊजींनीच सांगितलं. त्यांना ते पाठ आहे.

तर त्या दिवशी एक शीत कमी पडत होतं. एक न्हावी येणार होता, तो आलाच नाही. संस्थेच्या प्रमुख बाईंना सगळे 'मोठ्या बाई' म्हणतात. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि खिडकीतल्या भाऊजींना विचारलं, "अहो काचवाले, तुम्हाला लिहितावाचता येतं ना?" पुट्टी सुकेपर्यंत भाऊजींना तसंही काही काम नव्हतं. त्यांनी मन लावून पुस्तिका भरली. मनात आलं ते खरं खरं लिहिलं.

आणि आकडे जुळवणाऱ्या गृहस्थांची बोबडीच वळली. राग, भीती, धीर, बडबड, संशय, हौस, सगळ्या पट्ट्यांवर भाऊजी बरोब्बर मधोमध. ना केसभर इकडे, ना केसभर तिकडे. त्यांनी बेरीज पुन्हा केली, मग मोठ्या बाईंनी केली. "सरासरी माणूस कागदावर असतो हो!" बाई म्हणाल्या. "प्रत्यक्षात प्रत्येकजण कुठेतरी सांडलेला असतोच. आणि हा बघा, आपल्या खिडकीत उभा राहून हात पुसतोय!"

झालं. भाऊजींना नोकरी लागली. पद: प्रमाण माणूस. प्रत्येक नवी चाचणी आधी भाऊजींवर लावून बघायची. त्यांचा आकडा मधोमध आला तर चाचणी बरोबर. मोठ्या बाईंनी नियमच करून भिंतीवर लावला: 'चाचणी आणि प्रमाण माणूस यांत फरक आल्यास चूक चाचणीची.' एका चाचणीने भाऊजींना 'किंचित लाजाळू' ठरवलं, तर तिच्या छापून तयार असलेल्या सगळ्या पुस्तिका रद्दीत गेल्या.

मला काय वाटलं ते सांगते. मला हसू आलं, पण भाऊजींचा चेहरा बघून गिळलं. ज्या माणसाला जन्मात कुणी 'वा' म्हटलं नव्हतं त्याला लोक आता लाखात एक म्हणत होते. कशासाठी, तर उरलेल्या लाखांसारखा आहे म्हणून! पण म्हणत होते ना.

पुढे मात्र तो मान घरात शिरला. प्रमाण माणूस बिघडू नये म्हणून संस्थेने पथ्यं लावून दिली. रडवणारे सिनेमे बंद, हसवणारेही बंद. पत्ते खेळायचे, पण जिंकायचं नाही आणि फार हरायचंही नाही. सर्दी झाली तर मोजमाप पुढे ढकलायचं. "अति तिथे माती," असं म्हणत भाऊजी चहासुद्धा कोमट प्यायला लागले. ताईने पडद्याची दोन कापडं समोर धरून "कुठलं घेऊ?" विचारलं की म्हणायचे, "दोन्ही बरी आहेत." ताईने घरात अर्धा पडदा एका कापडाचा आणि अर्धा दुसऱ्याचा शिवून लावला. भाऊजींना तोही बरा वाटला.

मी स्वतः एकदा दुकानातल्या नोकरीसाठी ती चाचणी दिली. निकाल आला: 'फटकळपणा प्रमाणापेक्षा बराच जास्त.' प्रमाण कोण, तर आमच्याच स्वयंपाकघरात बसून कोमट चहा पिणारे हे गृहस्थ! मी त्यांना नको नको ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हेच ते 'बराच जास्त'."

पहिल्यांदा त्यांनी खरी उत्तरं दिली होती आणि ती सगळी मिळून मधोमध पडली होती. पण नोकरी टिकवायची तर जोखीम कशाला? उत्तरांची घरं पाच असतात: 'अगदी खरं', 'बरंचसं खरं', 'सांगता येत नाही', 'फारसं खरं नाही' आणि 'मुळीच खरं नाही'. भाऊजींनी हळूहळू सगळीकडे मधल्याच घरात खूण करायची सवय लावून घेतली. हे ताईला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

मग बसकंपनीने संस्थेकडे वेगळीच चाचणी मागितली. घरची फार ओढ असलेला ड्रायव्हर संध्याकाळी गाडी दामटतो आणि ओढ नसलेला शेवटच्या थांब्यावर गप्पा मारत बसतो, तेव्हा मधली ओढ असलेले ड्रायव्हर निवडून द्या, असं कंपनीचं म्हणणं. संस्थेने 'घरची ओढ' नावाची चाचणी केली. भाऊजींनी ती सोडवली, आकडा मधोमध आला, आणि त्यांची उत्तरपत्रिका आकडेवाल्यांच्या खोलीत फ्रेम करून टांगली. फ्रेमची काच भाऊजींनी स्वतः बसवली.

एक दिवस भाऊजी चष्मा घरी विसरले. ताई तो द्यायला गेली आणि तिला नेमकं त्याच खोलीत बसवलं. तिने वेळ जायला म्हणून भिंतीवरचं वाचलं. 'घरी कुणी वाट पाहत असलं की माझी पावलं भरभर पडतात.' सांगता येत नाही. 'दिवसभरातली गंमत घरी जाऊन सांगावीशी वाटते.' सांगता येत नाही. 'जोडीदार नसता तरी माझं बरं चाललं असतं.' सांगता येत नाही.

ताईने चष्मा टेबलावर ठेवला आणि तिथून थेट आमच्याकडे आली. अंगावरच्या कपड्यांनिशी. आईने विचारलं, "काय गं, भांडलात का?" ताई म्हणाली, "त्यांच्याशी भांडता आलं असतं तर आले असते का?" मग ती रडली. "वाईट लिहिलं असतं तरी चाललं असतं. मी नसते तर बरं झालं असतं, असं लिहायचं. पण सांगता येत नाही? इतकी वर्षं एका छताखाली राहून माणसाला एवढंसुद्धा सांगता येत नाही?" मला भाऊजींचा असा संताप आला की दिसले असते तर हातातला तांब्या फेकून मारला असता.

संध्याकाळी ते आले, पण जिन्याच्या मधल्या वळणावर थांबले. मी वरून म्हटलं, "या की वर."

"तिला राग आला असेल तर नको."

"मग जा घरी."

"जायला पाय उचलत नाही गं."

"भाऊजी, तुम्ही ते लिहिलंत ते खरं आहे का?"

त्यांनी कठडा घट्ट धरला. "खरं नाही," ते म्हणाले. "पण बरोबर आहे. दुसरं काही लिहिलं, की मी पुन्हा काचवालाच. हजार काचवाल्यांतला एक."

"आणि ताई?"

त्यावर ते खाली निघून गेले. मला त्यांची दया आली, याचाच मला राग आला.

आठवडा गेला नसेल, तोच मोठ्या बाई आणि आकडेवाले आमच्या दारात हजर. दोघांची पाचावर धारण बसलेली. ताई गेल्यापासून भाऊजी घसरत होते म्हणे. "काल 'मला उदास वाटतं' याला त्यांनी 'बरंचसं खरं' लिहिलं," आकडेवाले म्हणाले, आणि घरात कुणी गेल्यासारखी मान खाली घातली. प्रमाण माणसाची वार्षिक मोजणी तोंडावर आली होती. सगळ्या गावाचे स्वभावाचे दाखले त्या एका माणसावर उभे होते.

"तुम्ही परत चला," मोठ्या बाई ताईला म्हणाल्या. "फक्त एकदम जाऊ नका. एकदम गेलात तर ते आनंदाकडे कलंडतील. आधी एखादा निरोप धाडा. मग दोन दिवसांनी दारातून दिसा. आत जाल तेव्हा चेहरा साधारण ठेवा."

मी उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणून प्रसिद्ध, बाईंना सुनवायला तोंड उघडलंच होतं. ताई मात्र शांत होती. "मोजणीच्या दिवशी मी समोर बसणार," ती म्हणाली. "ते घरच्या ओढीचे प्रश्न त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत सोडवायचे. पुन्हा 'सांगता येत नाही' लिहिलं, तर मी इथेच राहीन. कायमची." बाईंना ते परवडण्यासारखं वाटलं. हा माणूस बदलणार नाही, अशी त्यांची खात्रीच होती.

मोजणीला मीही गेले. खोलीच्या बरोबर मध्यावर टेबल, टेबलाशी भाऊजी, समोर ताई. मी खिडकीपाशी उभी राहिले, त्यांनीच बसवलेल्या काचेला टेकून. भाऊजींनी ताईकडे पाहिलं नाही. पेन्सिल घेतली आणि सुरू झाले. मधलं घर, मधलं घर, मधलं घर. पानं उलटत होती आणि ताईचं तोंड उतरत होतं. आकडेवाले खुशीत मान डोलवत होते.

मग पेन्सिल थांबली. ताईने बोट पुढे केलं नाही, पण तिला आणि मला कळलं तो कुठला प्रश्न होता. जोडीदार नसता तरी माझं बरं चाललं असतं. भाऊजींनी मधल्या घरावर पेन्सिल टेकवली. उचलली. पुन्हा टेकवली. त्यांच्या कपाळावर घाम आलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. आणि मग त्यांनी शेवटच्या घरात खूण केली, 'मुळीच खरं नाही', इतक्या जोराने की पेन्सिलीचं टोक मोडलं.

"दुसरी द्या," ते म्हणाले. दुसरी मिळाल्यावर पानं मागे उलटून खोडरबराने खोडायला लागले. पावलं भरभर पडतात: अगदी खरं. गंमत सांगावीशी वाटते: अगदी खरं. ताई रडत होती आणि हसतही होती. भाऊजींनी पेन्सिल कानावर खोचली, काच मापताना खोचायचे तशी, आणि उठले. "चल," ते ताईला म्हणाले, "घरी जाऊ."

"अहो बसा!" मोठ्या बाई ओरडल्या. "अजून पानं राहिलीत!"

"राहू देत."

बाहेर रस्त्यावर त्यांनी ताईला भीतभीत विचारलं, "तू ती चाचणी दिलीस तर काय लिहिशील?" ताई म्हणाली, "सांगता येत नाही." आणि इतकी भरभर चालायला लागली की आम्हाला धावावं लागलं.

आता संस्थेने काय करावं? नियम भिंतीवर होता: फरक आल्यास चूक चाचणीची. मोठ्या बाई शब्दाच्या पक्क्या. त्यांनी भाऊजींना काढलं नाही, मध्यच उचलून भाऊजी होते तिथे नेऊन ठेवला. त्या महिन्यात गावातल्या झाडून सगळ्या दाखल्यांवर छापून आलं: 'घरची ओढ प्रमाणापेक्षा बरीच कमी.' बँकेच्या साहेबांना आलं, डॉक्टरांना आलं, खुद्द आकडेवाल्यांना आलं. घरोघरी बायका ते कागद नाचवायला लागल्या. "बघा! संस्थेचा शिक्का आहे यावर! मी काय खोटं बोलत होते?" बसकंपनीला नव्या प्रमाणात बसणारे थोडेच ड्रायव्हर मिळाले, आणि ते दुपारच्या जेवणाला बससकट घरी गेले. प्रवाशांनाही आग्रहाने बसवून घेतलं म्हणे.

वर्षभरात पुरुषमंडळी सुधारली, की घाबरली, ते देव जाणे. पुढच्या वेळी संस्थेने नवी माणसं बोलावून सरासरी काढली, तर जो तो लिहितोय 'अगदी खरं', 'अगदी खरं'. सरासरी चढत चढत गेली आणि येऊन थांबली ती बरोब्बर भाऊजींवर. केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही. मोठ्या बाई टाळ्या पिटत म्हणाल्या, "मी म्हटलं नव्हतं? हा माणूस मध्यातच आहे!"

त्या संध्याकाळी मी ताईकडे होते. तो अर्धा-अर्धा पडदा अजून तसाच आहे. तिने बातमी ऐकली आणि भाजी निवडता निवडता तिचा चेहरा पडला. एवढ्या वर्षांनी एक गोष्ट तिला एकटीला मिळाली होती, तीही आता गावभर वाटली गेली.

"म्हणजे झालात पुन्हा सगळ्यांसारखे," ती म्हणाली.

"हो," भाऊजी म्हणाले. त्यांनी चहाचा कप उचलला, तोंडाला लावला आणि खाली ठेवला. "पण आधी मी लिहिलं. त्यांनी नंतर."

त्या माणसाने आयुष्यात मारलेली ही एकुलती एक बढाई. ताईने त्यांचा कप उचलला, आतला कोमट चहा मोरीत ओतला आणि कडकडीत चहा करायला पातेलं चुलीवर ठेवलं.